एमएच १२ म्हणजे मिग्गल: सोरा भाषेत नव्व्याण्णवपर्यंत मोजायला शिका

मला एक चाळा लागलाय. सिग्नलला गाडी थांबली की पुढच्या गाडीच्या पाटीवरचा जिल्ह्याचा आकडा मी सोरा भाषेत वाचतो. पुण्याची एमएच १२ दिसली की मिग्गल. साताऱ्याची ११ दिसली की गल्मुय. नंदुरबारची ३९ पुण्यात क्वचित दिसते, पण दिसली की मजा येते, कारण सोराच्या मोजणीतली सगळी गंमत त्या एका आकड्यात सापडते. ती कशी, ते पुढं येईलच.

हा लेख वाचून तुम्हालाही एक ते नव्व्याण्णव मोजता येईल. साहित्य म्हणाल तर एक हात आणि चार चिंचोके. पाठ करायचे शब्द फक्त तेरा. आपल्या मराठीत शंभरापर्यंत जायला पोराला किती शब्द घोकावे लागतात ते आठवा: सदुसष्ट, एकोणऐंशी, त्र्याण्णव. त्या मानानं हे काम अगदीच हलकं आहे.

आधी भाषेची ओळख

सोरा भाषा ओडिशाच्या दक्षिणेकडच्या गजपती आणि रायगडा जिल्ह्यांच्या डोंगरांत (हा रायगडा, आपला रायगड नव्हे) आणि त्याला लागून असलेल्या आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलमच्या बाजूला बोलली जाते. या लोकांना सौरा, सवरा, शबर अशी नावं आहेत. आपण त्यांना भाषेमुळं नाही, तर चित्रांमुळं ओळखतो. वारलीच्या शेजारी टांगलेलं, बारीक मानवी आकृत्यांनी गच्च भरलेलं 'सौरा पेंटिंग' प्रदर्शनात पाहिलं असेल, ते यांचं. २०११च्या जनगणनेत ही भाषा सांगणारे लोक ४ लाखांच्या आसपास होते.

सोरा ही मुंडा गटातली भाषा, आणि मुंडा गट ऑस्ट्रोआशियाई कुळात मोडतो. कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी याच कुळातल्या. आणि आपली मेळघाटातली कोरकूसुद्धा. चिखलदरा-धारणीच्या कोरकूंची भाषा मराठीची नाही, गोंडीचीही नाही, ती सोराची लांबची बहीण लागते. हे नातं आकडे शिकताना कामाला येणार आहे.

आता एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. इंटरनेटवर सोराबद्दल शोधलंत तर 'ही भाषा बारावर चालते' असं एक ठाशीव वाक्य मिळतं. ते वाचून लोक समजतात की सोरा माणूस डझनात मोजतो: एक डझन, दोन डझन, बारा डझनांचा ग्रोस. मीही तसंच समजलो होतो आणि पहिले दोन दिवस सगळे आकडे चुकीचे पाठ केले. सोराचा खरा गठ्ठा विसाचा आहे. बारा ही त्या विसाच्या जिन्यावर मध्ये घेतलेली एक विसाव्याची पायरी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सोपं.

पायरी १: एक ते दहा

उच्चाराबद्दल दोन शब्द. खालचे शब्द मराठी वाचतो तसेच वाचा. 'अबोय' आणि 'मोनलोय' यांतला 'ओ' थोडा उघडा, 'ऑ'च्या दिशेनं. 'तुड्रू'मधला 'ड' आपल्या 'डमरू'मधला. 'जी'मधला 'ज' 'जीव'मधला, तो आपल्या तोंडून आपोआप तसाच येतो. 'गल्जी' कुणी 'गेल्जी' असं लिहितात आणि 'मिग्गल'ला 'मिगेल', तेव्हा दुसरीकडं तसं दिसलं तर गोंधळू नका. शब्द तेच आहेत.

१ अबोय
२ बागु
३ यागी
४ उंजी
५ मोनलोय
६ तुड्रू
७ गुल्जी
८ थाम्जी
९ तिन्जी
१० गल्जी

हे दहा शब्द दोन चालींत पाठ करा. आधी एक ते सहा. यांचे शेवट वेगवेगळे आहेत, म्हणून लक्षात राहतात. मग सात ते दहा: गुल्जी, थाम्जी, तिन्जी, गल्जी. चारही 'जी'वर संपतात, त्यामुळं म्हणायला छान लय येते, पण तिथंच घसरायला होतं. विशेषतः गुल्जी (७) आणि गल्जी (१०). एका उकाराचा फरक आणि तीनचा घोटाळा. मी हे दोन वेगळे ठेवायला एक फालतू युक्ती केली: गुलाबाचा 'गुल' सात पाकळ्यांचा. गुलाबाला सात पाकळ्या नसतात हे मलाही ठाऊक आहे, पण युक्ती चालते.

याहून पक्की युक्ती गाड्यांच्या पाट्यांची. ०१ ते ०३ मुंबई: अबोय, बागु, यागी. ठाणे उंजी. कल्याण मोनलोय. पेण तुड्रू. मग कोकणात खाली उतरायचं: सिंधुदुर्ग गुल्जी, रत्नागिरी थाम्जी. घाट चढून कोल्हापूर तिन्जी, सांगली गल्जी. किनाऱ्यानं खाली आणि घाटानं वर, असा फेरा झाला की दहा आकडे झाले. महाराष्ट्राचा नकाशा ज्याच्या डोक्यात आहे त्याला वेगळं पाठांतर लागत नाही.

आता मेळघाट. कोरकूतले एक ते दहा असे: मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, तुरुई, येई, इलार, आरेई, गेल. सोराच्या शेजारी ठेवून पाहा. बागु आणि बारी. मोनलोय आणि मोनोई. तुड्रू आणि तुरुई. गल्जी आणि गेल. मेळघाट आणि गजपती यांच्यामध्ये अख्खा छत्तीसगड आहे, तरी पाच आणि सहा जवळजवळ तसेच्या तसे. सात, आठ, नऊ मात्र जुळत नाहीत, तिथं हट्टानं नातं शोधू नका.

आणखी एक पाऊल पूर्वेला टाकायचं तर ख्मेर पाहा. तिथं तीनला 'बेइ' आणि चारला 'बुऑन' म्हणतात. कोरकूच्या आफई आणि उफुनमधला पहिला स्वर झाकून बघा: फई, फुन. अमरावती जिल्ह्यातला आकडा आणि अंगकोरच्या देशातला आकडा इतके जवळ असतील असं वाटलं होतं का?

कोरकूत आज दहाच्या पुढं बहुतेक हिंदी-मराठी आकडेच बोलले जातात. म्हणून या लेखाला कोरकू न घेता सोरा घेतली. दहाच्या पुढची मौज सोरात आहे.

पायरी २: अकरा आणि बारा

११ गल्मुय
१२ मिग्गल

अकरा फोडता येतो: गल् म्हणजे दहा, मुय म्हणजे एक. पण एकाला तर अबोय म्हणतात, मग हा मुय कुठला? हा 'एक'साठीचा जुना शब्द, तो या एका जागी टिकून राहिला. कोरकूचा मिया त्याच गोतावळ्यातला वाटतो, आणि ख्मेरमध्ये एकाला आजही 'मुय'च म्हणतात.

बारा मात्र फोडायच्या भानगडीत पडू नका. 'मिग्गल'मध्ये 'गल' ऐकू येतो, म्हणून मन म्हणतं हा दहाचा काहीतरी असणार. नवशिक्याची पहिली चूक हमखास इथंच होते. मिग्गल म्हणजे बारा, एकसंध, सुटा शब्द. आपण 'बारा' म्हणताना 'बा'चा वेगळा अर्थ कुठं शोधतो?

सातारा ११, पुणे १२. साताऱ्याहून खंबाटकी उतरून पुण्यात या: गल्मुय, मिग्गल. झाले दोन शब्द.

पायरी ३: तेरा ते एकोणीस

मराठीत दहावर थांबून पुढं चढतात. सोरात बारावर थांबून पुढं चढतात. म्हणजे तेरा म्हणजे दहा आणि तीन नाही, तर बारा आणि एक.

१३ मिग्गलबोय (१२ + १)
१४ मिग्गल-बागु (१२ + २)
१५ मिग्गल-यागी (१२ + ३)
१६ मिग्गल-उंजी (१२ + ४)
१७ मिग्गल-मोनलोय (१२ + ५)
१८ मिग्गल-तुड्रू (१२ + ६)
१९ मिग्गल-गुल्जी (१२ + ७)

तेरामध्ये 'अबोय'चा 'अ' गळून 'बोय' उरतो, एवढाच काय तो बदल. नवीन शब्द एकही नाही.

इथं आपली बोटं कामाला येतात. जपमाळ नसली की म्हातारी माणसं बोटांची पेरं मोजून नामस्मरण करतात तसं करा. अंगठ्यानं बाकी चार बोटांची पेरं मोजायची. प्रत्येकाची तीन, एकूण बारा. बाराव्या पेरावर आलात की तोंडानं 'मिग्गल' म्हणा आणि पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू करा. तिसऱ्या पेरावर असाल तर मिग्गल-यागी, पंधरा. हात स्वतःच आकडा सांगतो. सोरांचं बारा असंच पेरांतून आलं असावं, असं म्हणायचा मोह होईल. मी ते म्हणत नाही. पेरं ही माझी सरावाची सोय, त्यांचा इतिहास नव्हे.

दुसऱ्या फेरीत मात्र सातव्या पेरापुढं जायचं नाही. मिग्गलच्या मागं थाम्जी (८) कधी येत नाही, कारण बारा आणि आठ म्हणजे वीस, आणि विसाला स्वतःचं नाव आहे. तेव्हा मिग्गलच्या पुढं फक्त एक ते सात. हा नियम वहीत लाल शाईनं लिहून ठेवा. चूक पकडायला याच्याइतकं चांगलं साधन नाही.

पाट्या चालू ठेवा: सोलापूर मिग्गलबोय, पिंपरी-चिंचवड मिग्गल-बागु, नाशिक मिग्गल-यागी, अहिल्यानगर मिग्गल-उंजी, श्रीरामपूर मिग्गल-मोनलोय, धुळे मिग्गल-तुड्रू, जळगाव मिग्गल-गुल्जी.

पायरी ४: वीस, म्हणजे एक कुडी

तेरावा आणि शेवटचा शब्द: कुडी. म्हणजे विसाचा गठ्ठा.

शब्द ऐकल्यासारखा वाटतो ना? आपल्या जुन्या हिशेबात वीस नगांची 'कोडी' असायची. बंगालीत विसाला 'कुडी' म्हणतात. हा शब्द उत्तर भारतभर पसरलेला आहे, आणि तो मुळात मुंडा भाषांकडूनच इतरांनी घेतला असावा असं काही भाषाशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. तसं असेल तर आपण कोडीनं मोजायचो तेव्हा सोरांच्या चुलतभावांचा शब्द वापरत होतो. विसाच्या गठ्ठ्यांत मोजणं तर आपल्याला मुळीच परकं नाही. खेड्यातल्या एखाद्या आजीनं वय सांगताना 'तीन विसा आन पाच' म्हटलेलं तुम्हीही ऐकलं असेल. ती पासष्टची असते. सोराची अर्धी रीत त्या आजीला आधीच येते.

तर, कुडीच्या आधी गठ्ठ्यांची संख्या लावायची:

२० बोकुडी
४० बागुकुडी
६० यागिकुडी
८० उंजिकुडी

अबोयचं इथं नुसतं 'बो' उरतं. बाकी सरळ आहे: दोन कुडी, तीन कुडी, चार कुडी. (मराठीत कुडी म्हणजे देह, त्यामुळं 'उंजिकुडी' ऐकून मला सुरुवातीला चार देह डोळ्यांपुढं यायचे. तुम्हालाही आले तर येऊ द्या, आठवण पक्की होते.)

चिंचोके आता काढा. एक चिंचोका म्हणजे एक कुडी. पेरांवर एकोणीस झाले आणि पुढचा नग आला की पेरं सोडून द्यायची आणि एक चिंचोका पुढं सरकवायचा. हात पुन्हा मोकळा.

पायरी ५: कुठलाही आकडा सोरात सांगा

हा या लेखाचा गाभा. सावकाश वाचा आणि प्रत्येक उदाहरण तोंडानं म्हणा.

आकडा घ्या. त्यात विसाचे किती गठ्ठे बसतात ते पाहा आणि तेवढ्या कुड्या आधी म्हणा. उरलेल्या आकड्याकडं बघा. तो बारा किंवा बाराच्या आत असेल तर त्याचं नाव तसंच जोडा. बाराच्या वर असेल तर त्यातून बारा काढा, 'मिग्गल' म्हणा, आणि उरेल ते जोडा. संपलं.

अमरावती, २७. एक गठ्ठा, उरले सात. बोकुडी गुल्जी.

अकोला, ३०. एक गठ्ठा, उरले दहा. बोकुडी गल्जी. इथं मराठी मन अडखळतं, कारण आपल्याला तीस ही एक मोठी ठाम पायरी वाटते. सोरात तीसला स्वतंत्र नावच नाही, तो वाटेवरचा एक साधा आकडा आहे. पन्नास, सत्तर, नव्वद यांचंही तसंच. नव्वद म्हणजे उंजिकुडी गल्जी, चार विसा दहा.

नागपूर, ३१. बोकुडी गल्मुय. आपला 'एकतीस' तीसवर एक असा बसतो, सोराचा विसावर अकरा.

वर्धा, ३२. बोकुडी मिग्गल. वीस आणि बारा.

गडचिरोली, ३३. उरले तेरा, म्हणजे बाराच्या वर. बोकुडी मिग्गलबोय. वीस, बारा, एक. पहिल्यांदा तीन तुकडे आले.

आणि नंदुरबार, ३९. एक गठ्ठा काढला, उरले एकोणीस. त्यातून बारा काढले, उरले सात. बोकुडी मिग्गल-गुल्जी. वीस, बारा आणि सात. हा आकडा एकदा सहज म्हणता आला की सोराची मोजणी हाताशी आली असं समजा. सोराबद्दल लिहिताना हेच उदाहरण वारंवार दिलं जातं. आपल्याकडं एका जिल्ह्याच्या प्रत्येक गाडीवर ते रंगवलेलं आहे, हा केवळ योगायोग.

पाट्यांचे आकडे पन्नाशीच्या आसपास संपतात, पुढं साधे आकडे घेऊ. ५८: दोन गठ्ठे, उरले अठरा, त्यातून बारा काढले की सहा. बागुकुडी मिग्गल-तुड्रू. ७३: तीन गठ्ठे, उरले तेरा. यागिकुडी मिग्गलबोय. ९९: चार गठ्ठे, उरले एकोणीस. उंजिकुडी मिग्गल-गुल्जी. आपण तिथं 'नव्व्याण्णव' म्हणताना जिभेला गाठ मारतो, ते त्यांनी ऐंशी-बारा-सात असं सुटं करून ठेवलंय.

यावरून एक आठवलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसला 'वीस दोन' असंही वाचायला सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विनोद झाले, विधानसभेत चर्चा झाली. सोरात बावीसला बोकुडी बागु म्हणतात: वीस दोन. तिथं ते कुठल्या समितीला सुचवावं लागलं नाही. मराठीचे खडबडीत आकडे मला प्रिय आहेत आणि ते जाऊ नयेत असंच मला वाटतं, पण 'वीस दोन' म्हटल्यानं भाषा बुडते, हे मात्र डोंगरातल्या कुणाला सांगू नका.

पायरी ६: ऐकलेला आकडा उलगडा

बोलण्यापेक्षा ऐकणं अवघड. शब्द पटकन निघून जातात आणि आपण अजून पहिलाच गुणत बसलेलो असतो. त्यासाठी कान तीन जागी लावायचे.

पहिली जागा, कुडीच्या आधी काय आहे. बो, बागु, यागी की उंजी? तेवढे चिंचोके लगेच पुढं सरकवा, गुणाकार नको. कुडीच नसेल तर आकडा विसाच्या आत आहे.

दुसरी जागा, मध्ये मिग्गल आहे का. असेल तर अंगठा बाराव्या पेरावर ठेवा.

तिसरी जागा, शेवटचा शब्द. तेवढी पेरं पुढं.

'बागुकुडी मिग्गल-मोनलोय' ऐकलं. दोन चिंचोके, बारावं पेर, वर पाच. चाळीस आणि सतरा, सत्तावन्न. मनात मराठी आकडा उमटायला वेळ लागतोच. माझा अनुभव असा की मराठीत रूपांतर करायची घाई सोडली आणि चिंचोके-पेरांचं चित्रच डोळ्यांपुढं ठेवलं, की वेग येतो.

पायरी ७: तोंडी बेरीज

हे न शिकताही चालेल, पण करून बघाच, कारण आकड्यांची बांधणी खरी कळते ती इथं. पस्तीस आणि सत्तावीस मिळवायचे आहेत. पस्तीस म्हणजे बोकुडी मिग्गल-यागी, सत्तावीस म्हणजे बोकुडी गुल्जी. दोन्हींतली कुडी बाजूला घ्या: दोन चिंचोके. उरलं मिग्गल-यागी आणि गुल्जी. आता गुल्जीतले पाच उचलून मिग्गल-यागीला द्या, पंधराचे वीस होतात, आणखी एक चिंचोका. गुल्जीतले दोन उरले. तीन चिंचोके आणि दोन: यागिकुडी बागु. बासष्ट.

हातचा आपण दहाला घेतो, इथं विसाला घ्यायचा. बाराला हातचा घ्यायचा नाही. बारा भरले की फक्त नाव बदलतं, गठ्ठा तयार होत नाही. सुरुवातीला म्हटलेला डझनाचा गैरसमज इथं पुन्हा डोकं वर काढतो. डझनवाला माणूस चोवीसला 'दोन मिग्गल' म्हणायला जातो. चोवीस म्हणजे बोकुडी उंजी. छत्तीस म्हणजे तीन मिग्गल नव्हेत, बोकुडी मिग्गल-उंजी. विसाच्या एका गठ्ठ्यात मिग्गल एकदाच येतो.

लिहिताना काय करतात

सोरा तेलुगू, ओडिया आणि रोमन लिप्यांत लिहिली जाते. या भाषेचा पहिला मोठा अभ्यास केला तो तेलुगूचे प्रसिद्ध भाषासुधारक गिडुगु वेंकट राममूर्ती यांनी. परळाखेमुंडीला शिक्षक असताना ते सोरा शिकले, आणि १९३८ साली त्यांचा सोरा-इंग्रजी कोश निघाला. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, तेलुगू भाषा दिन म्हणून पाळला जातो. पण सोरांच्या हिशेबीही त्यांचं ऋण मोठं आहे.

सोरांची स्वतःची लिपीही आहे, सोरांग सोम्पेंग. ती मंगेई गोमांगो यांनी १९३६ साली तयार केली. त्या लिपीत शून्य ते नऊ असे स्वतंत्र अंक आहेत, म्हणजे लिहिणं दशमान. बोलताना वीस-बारा-सात म्हणायचं आणि लिहिताना तीनाचा अंक आणि नवाचा अंक शेजारी ठेवायचा. तोंड एका पद्धतीनं चालतं, हात दुसऱ्या. विचित्र वाटेल, पण आपण तरी काय करतो? लिहितो २९, आणि वाचतो 'एक ऊन तीस'.

तेव्हा तुम्ही वहीत सराव करताना आकडे देवनागरीत दशमानच लिहा आणि सोरा फक्त तोंडानं म्हणा. शब्द लिहून काढत बसलात तर डोळ्यांना सवय होते, जिभेला होत नाही.

सरावाचा आराखडा

पहिले तीन दिवस फक्त मुंबई ते पुणे, म्हणजे एक ते बारा, सरळ आणि उलटे. उलटे म्हणणं टाळू नका, गुल्जी-गल्जीचा घोळ तिथंच निस्तरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी जळगावपर्यंत. मग एक दिवस नुसत्या चार कुड्या. त्यानंतर रोज दहा आकडे कुठूनही उचला: बसचा नंबर, भाजीच्या पिशवीवरची किंमत, पुस्तकाचं पान. जिन्याच्या पायऱ्या मोजणं सगळ्यात उत्तम, कारण तिथं आकडा ओळीनं येतो आणि एकोणिसावरून विसावर जाताना मिग्गल-गुल्जी, बोकुडी हा उंबरठा पायाला कळतो. आठवड्याभरात होतं. घरातली लहान मुलं माझ्याहून लवकर शिकली.

आता चार आकडे देतो. उत्तर बघण्याआधी चिंचोके मांडा.

क. यागिकुडी मिग्गल-यागी
ख. उंजिकुडी गल्मुय
ग. बागुकुडी थाम्जी
घ. बोकुडी मिग्गल-थाम्जी

क म्हणजे तीन गठ्ठे, बारा आणि तीन, ७५. ख म्हणजे चार गठ्ठे आणि अकरा, ९१. ग म्हणजे ४८, आणि यात मिग्गल नाही हे पाहून गोंधळला असाल तर पायरी ५ पुन्हा वाचा, आठ हे बाराच्या आतले आहेत. घ वर जे पेन चावत बसले त्यांचं बरोबर आहे. असा आकडा सोरात नाही. मिग्गलच्या मागं थाम्जी येत नाही. बारा आणि आठ झाले की दुसरा चिंचोका सरकतो आणि होतात बागुकुडी, नागपूर ग्रामीणची एमएच ४०.